ॲपलच्या संचालक मंडळास खुलं पत्र: तपासण्या पुरे झाल्या, कामगारांना बोलू द्या

प्रति,
संचालक मंडळ, ॲपल कंपनी,
क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया

विषय: आयफोन जुळवणाऱ्या कारखान्यांतले कामाचे तास, कंत्राटी भरती आणि कामगारांचा संघटनेचा हक्क

सन्माननीय सदस्य,
नमस्कार, विनंती विशेष.

४ सप्टेंबर २०२५ला पुण्यात कोरेगाव पार्कला तुमचं दुकान सुरू झालं. त्याआधी १८ एप्रिल २०२३ला मुंबईत बीकेसीच्या दुकानाचं दार टिम कुक यांनी स्वतः उघडलं, तेव्हा बाहेर मोठी रांग होती. पुण्याचं दुकान उघडलं त्याच महिन्यात चीनमधल्या झेंगझोऊच्या कारखान्याबद्दल एक अहवाल प्रसिद्ध झाला. तुमचे फोन जुळवून देणाऱ्या फॉक्सकॉन या तैवानी कंपनीचा हा कारखाना. जगातला आयफोनचा सगळ्यात मोठा कारखाना हाच. न्यूयॉर्कच्या चायना लेबर वॉच या संस्थेनं त्यात लिहिलं आहे, की नव्या फोनच्या हंगामात तिथले निम्म्याहून जास्त कामगार ठेकेदारांमार्फत आलेले आहेत, आठवड्याचे तास साठ ते पंचाहत्तरपर्यंत जातात आणि हंगाम संपेपर्यंत कुणी सोडून जाऊ नये म्हणून पैशांचा काही भाग मागे ठेवला जातो.

चीनच्या नियमाप्रमाणे अशा कंत्राटी कामगारांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सप्टेंबर २०१९मध्ये याच संस्थेनं याच कारखान्याबद्दल जवळपास हेच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मान्य केलं होतं, की कंत्राटी कामगारांचं प्रमाण तुमच्या मानकांपेक्षा जास्त आहे आणि फॉक्सकॉनबरोबर ते सोडवायचं काम चालू आहे. मध्ये सहा वर्षं गेली. ही सहा वर्षं मला गप्प बसू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

हे पत्र लिहायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल. मी तुमच्यासाठी कधी काम केलेलं नाही. पण हे काम मला हातांनी ठाऊक आहे. अंधेरीला सीप्झ नावाचं निर्यात क्षेत्र आहे, १९७३मध्ये सुरू झालेलं. सुरुवातीला ते फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी होतं. दहावी झाल्यावर मी तिथल्या एका युनिटात लागले. मायक्रोस्कोपला डोळा लावून केसाहून बारीक तार चिपला जोडायची, पाळीभर तेच. लाइनवर बहुतेक सगळ्या मुली, बहुतेक बिनलग्नाच्या, कारण भरती करणाऱ्यांना तशाच हव्या असत. माल जाई अमेरिकेला आणि युरोपला. तो तिथे कुठल्या यंत्रात बसतो, ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. पुढे ऑर्डर दुसऱ्या देशात गेली आणि एका सकाळी फाटकावर टाळ्याच्या शेजारी नोटीस दिसली. ग्रॅच्युइटीसाठी काहीजणींनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता मी कंत्राटी कामगार बायकांसाठी चालणाऱ्या एका अभ्यासवर्गात जाते. पगारपत्रक कसं वाचायचं, ओव्हरटाइमचा हिशेब कसा तपासायचा, एवढंच शिकवते.

म्हणूनच एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तुमचा फोन कुणी घेऊ नये, अशी हाक मी देणार नाही. ऑर्डर गेली की सगळ्यात आधी कुणाची चूल थंड होते, ते मी पाहिलेलं आहे. झेंगझोऊतून काम काढून घ्या, असंही मी म्हणणार नाही. काम तिथेच राहू दे, नीट होऊ दे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता झेंगझोऊचं २०२२ साल. ते विसरलं गेलं तर पुन्हा तसंच होणार, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. त्या कारखान्यात सुमारे दोन लाख माणसं काम करत होती. ऑक्टोबरात कोविडची साथ आत शिरली आणि कारखाना बंदिस्त करण्यात आला: खोली ते लाइन, लाइन ते खोली, बाहेर पाऊल नाही. कोण आजारी आहे, कुणाला कुठे ठेवलंय, याची धड माहिती मिळेना. जेवणाचे हाल झाले. महिनाअखेरीला माणसं कुंपणं ओलांडून निघाली. बॅगा पाठीवर टाकून महामार्गाच्या कडेनं, शेतांमधून, हनान प्रांतातल्या आपापल्या गावांकडे ती चालत होती. वाटेतल्या लोकांनी त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला पाणी आणि खाणं ठेवलं. महाराष्ट्रातल्या कुणालाही ती दृश्यं परकी वाटणार नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गानं अशीच माणसं आमच्या डोळ्यांदेखत गेली आहेत.

६ नोव्हेंबरला तुम्ही निवेदन काढलं, की कारखाना खूपच कमी क्षमतेनं चालू आहे आणि ग्राहकांना नव्या फोनसाठी जास्त वाट पाहावी लागेल. कामगारांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला प्राधान्य आहे, असंही त्यात होतं. ते वाक्य मी वाचलं आणि त्याचं मोल मला आहे. पण पुढच्या दोन आठवड्यांत काय घडलं? नाताळ गाठायचा होता, तारीख हलत नव्हती. मोठ्या रकमा कबूल करून नवी भरती झाली. दोन महिन्यांचे २५ हजार युआन मिळतील, असं सांगून आणल्याचं एका कामगारानं वार्ताहरांना सांगितलं. आत आल्यावर कळलं, की पूर्ण पैसे हवे असतील तर कमी पगारावर आणखी दोन महिने थांबावं लागेल. २२ आणि २३ नोव्हेंबरला हजारो कामगार बाहेर आले. पांढरे संरक्षक पोशाख घातलेल्या पोलिसांनी त्यांना काठ्यांनी मारलं, त्याची चित्रफीत साऱ्या जगानं पाहिली. दुसऱ्या दिवशी फॉक्सकॉननं माफी मागितली आणि संगणकात तांत्रिक चूक झाल्याचं सांगितलं. जे राजीनामा देऊन निघून जातील त्यांना १० हजार युआन देऊ केले. तुम्ही सांगितलंत, की तुमचे लोक जागेवर आहेत आणि परिस्थितीचा आढावा घेत आहेत.

माझा प्रश्न इतकाच आहे. तुमचे लोक जागेवर होते, तर मग ही तांत्रिक चूक शोधायला हजारो कामगारांना रस्त्यावर का यावं लागलं?

पहिली तक्रार तासांची. चीनच्या कायद्यात आठवड्याचे ४० तास आहेत आणि ओव्हरटाइम महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास. हिशेब केला तर आठवडा ४९ तासांच्या आत बसायला हवा. तुमच्या पुरवठादारांच्या आचारसंहितेत मात्र मर्यादा ६० तासांची आहे, आणि आपत्कालीन किंवा अपवादात्मक परिस्थितीत त्याहूनही सूट आहे. स्थानिक कायदा पाळा, असंही तीच संहिता सांगते. पण लाइनवर शेवटी कुठला आकडा चालतो, ते सुपरवायझरला विचारा. २०१२मध्ये फेअर लेबर असोसिएशन या कारखान्यांची पाहणी करणाऱ्या संस्थेला तुम्ही स्वतः बोलावलंत. त्यांनी ३५ हजारांहून जास्त कामगारांना प्रश्न विचारले. १ जुलै २०१३पर्यंत तास कायद्याच्या मर्यादेत आणायचं ठरलं. ती मुदत टळल्यावर त्यांच्याच अहवालात आलं, की आठवडा साठाच्या आत आला आहे, पण कायद्याची मर्यादा पाळली जात नाही. त्यानंतर पुन्हा तशी मुदत जाहीर झाल्याचं मला कुठे दिसलं नाही.

कामगारांनाच ओव्हरटाइम हवा असतो, असं उत्तर नेहमी मिळतं. ते खरं आहे. आम्हालाही हवा असायचा. मूळ पगारात भागत नसेल तर कुणाला नको असेल? २०१० साली फॉक्सकॉनच्या चीनमधल्या कारखान्यांत, बहुतेक शेन्झेन शहरात, अठरा तरुण कामगारांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि त्यातले चौदा जण गेले. तेव्हा शेन्झेनला मूळ पगार महिन्याला ९०० युआन होता, म्हणजे सरकारी किमान वेतनाएवढाच. इमारतींना जाळ्या लावल्या गेल्या. तुमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं, की तिथे उपाहारगृहं आहेत, पोहण्याचे तलाव आहेत. ते असतीलही. पण बारा तासांच्या पाळीनंतर, ज्यांची नावंही एकमेकांना माहीत नाहीत अशा सहा-आठ जणांच्या खोलीत परतणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला तलाव पुरत नाही. मग जूनमध्ये मूळ पगार १,२०० युआन झाला. पगार वाढवता येत होता, तर इतके जीव जाईपर्यंत वाट का पाहिली, हे मला आजही समजलेलं नाही.

पैशाचा प्रश्न तरी होता का? केनेथ क्रेमर, ग्रेग लिंडन आणि जेसन डेड्रिक या अभ्यासकांनी आयफोन ४च्या किमतीचा हिशेब मांडला होता. विक्रीच्या किमतीतला ५८.५ टक्के वाटा तुमच्या नफ्याचा होता. चीनमधल्या मजुरीचा वाटा १.८ टक्के. हे आकडे जुने आहेत, २०१०चे. नवे आकडे तुमच्याकडे आहेत. ते जाहीर करा, मी माझे दुरुस्त करीन.

दुसरी तक्रार विषारी द्रावणांची. इथे माझं मन जास्त गुंतलेलं आहे, म्हणून जरा जास्त लिहीन. चीनमधल्या सूजो शहरात विनटेक नावाच्या पुरवठादाराच्या कारखान्यात तुमच्या फोनचे पडदे पुसायला एन-हेक्झेन वापरलं जात होतं. अल्कोहोलपेक्षा ते लवकर उडून जातं, म्हणजे पुढचा पीस लवकर हातात घेता येतो. लाइनचा वेग वाढतो. पण श्वासातून ते शरीरात गेलं की नसा निकामी होऊ लागतात. हातापायांना मुंग्या येतात, बोटांतली पकड जाते, चालताना तोल जातो. १३७ कामगारांना बाधा झाली. हा आकडा तुम्ही स्वतः फेब्रुवारी २०११च्या अहवालात छापलात, त्याचं श्रेय तुम्हाला आहे. पण बाधा झाली होती त्याच्या एक-दोन वर्षं आधी. बेन्झिन आणि एन-हेक्झेन शेवटच्या जुळणीतून बाद करायला ऑगस्ट २०१४ उजाडलं.

सीप्झमध्ये आमच्या टेबलांवरही बाटल्या असत. त्यांवर नंबर असायचा, नाव नसायचं. वास डोक्यात चढायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर भाजीची फोडणीसुद्धा नाकाला कळायची नाही. त्या बाटलीत काय होतं, हे मला आज कुणीही सांगू शकत नाही, कारण ते युनिट राहिलं नाही, कागद राहिले नाहीत. माझ्याबरोबरच्या दोघीजणींना पुढे जे आजार झाले, त्यांचा त्या बाटलीशी संबंध होता की नव्हता, हे कोणता डॉक्टर सांगणार? आजार दहा-पंधरा वर्षांनी येतो आणि तोवर कंत्राटी कामगार चार कारखाने बदलून गावी गेलेला असतो. तुमच्या तपासणीच्या कागदावर तो कुठेच नसतो.

तिसरी तक्रार तपासणीबद्दलच आहे. तुम्ही दर वर्षी शेकडो तपासण्या करता आणि त्यांचे अहवाल छापता, हे मला माहीत आहे. तुमच्या तपासनिसांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण तपासणीचा दिवस लाइनवरून कसा दिसतो, ते मी सांगते. आमच्या युनिटात परदेशी गिऱ्हाईक कंपनीचे लोक येणार असले, की आदल्या संध्याकाळीच कळायचं. हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू व्हायचे, हातमोजे वाटले जायचे, ज्यांचा ओव्हरटाइम जास्त झालेला असेल त्यांना सुट्टी मिळायची. पाहुणे लाइनपाशी थांबून विचारायचे, इथे काही त्रास आहे का? प्रश्न इंग्रजीत, आणि भाषांतर करायला आमचाच सुपरवायझर. आम्ही हसून नाही म्हणायचो. पाहुणे दोन तासांनी गाडीत बसून जायचे आणि सुपरवायझर वर्षभर तिथेच असायचा.

हा अनुभव फक्त आमचा असता तर मी लिहिला नसता. १२ डिसेंबर २०२०ला कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला तुमचे फोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात कामगारांनी तोडफोड केली. तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण पगार कापले जात होते, ओव्हरटाइमचे पैसे मिळत नव्हते, बाराबारा तासांच्या पाळ्या लागत होत्या. तिथेही तुमची आचारसंहिता लागू होतीच. तोडफोड झाल्यावर तुम्ही विस्ट्रॉनला परिवीक्षेवर, म्हणजे सुधारणा होईपर्यंत देखरेखीखाली, ठेवलंत. डिसेंबर २०२१मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉनमधल्या मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली आणि दीडशेहून जास्त मुलींना दवाखान्यात न्यावं लागलं. मुलींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग अडवला, तेव्हा तुम्हाला आढळलं, की राहण्या-जेवणाच्या काही जागा तुमच्या मानकांत बसत नाहीत. तोही कारखाना परिवीक्षेवर गेला. दोन्ही वेळा दोष सापडला तो कामगार रस्त्यावर आल्यावर. जून २०२४मध्ये त्याच श्रीपेरुंबुदूरबद्दल रॉयटर्सनं बातमी दिली, की लग्न झालेल्या बायकांना जुळणीच्या कामावर घेतलं जात नव्हतं. केंद्र सरकारनं १९७६च्या समान वेतन कायद्याचा हवाला देऊन राज्याकडे अहवाल मागितला. हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. सीप्झच्या फाटकावर आम्हाला विचारलेला प्रश्न, चाळीस वर्षांनी, तसाच्या तसा.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नाटकानं कारखान्यात बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. तुमच्या आणि फॉक्सकॉनच्या पाठपुराव्याचा त्यात हात होता, असं फायनान्शियल टाइम्सनं छापलं. एप्रिलमध्ये तमिळनाडूनंही तसंच विधेयक मंजूर केलं आणि युनियन उठल्यावर मागे घेतलं. सप्टेंबर २०२५मध्ये आमच्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं रोजचे नऊ तास बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली. आमच्या सरकारशी आम्ही आमचं भांडू. तुम्ही मात्र उघडपणे सांगा, की भारतातल्या कुठल्याही राज्यात कामाचे तास वाढवून मागणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. फोन कधी बाजारात येणार ती तारीख तुम्ही ठरवता. एका फोनच्या जुळणीला ठेकेदाराला, म्हणजे फॉक्सकॉनसारख्या कंपनीला, किती द्यायचे तेही तुम्ही ठरवता. या दोन आकड्यांत पाळी किती तासांची होणार आणि कंत्राटी माणसं किती लागणार, हे आपोआप ठरून जातं. मग तुम्ही तपासनीस पाठवता आणि पाळी लांब का झाली, म्हणून ठेकेदाराला जाब विचारता. रोज आठ-दहा तास त्या जागेवर बसणाऱ्या माणसाला मात्र, शिक्षेच्या भीतीशिवाय, काही बोलायची सोय तुम्ही केलेली नाही.

बोलायची सोय झाली की काय होतं, हे याच धंद्यात दिसलं आहे. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गिहुंगच्या चिप कारखान्यातली बावीस वर्षांची एक मुलगी २००७मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. तिचे वडील टॅक्सी चालवायचे. त्यांनी माघार घेतली नाही. बानोलिम नावाची संघटना उभी राहिली, सोलमध्ये सॅमसंगच्या दारात एक हजारांहून जास्त दिवस धरणं चाललं आणि नोव्हेंबर २०१८मध्ये कंपनीनं जाहीर माफी मागून भरपाई कबूल केली. २०२०मध्ये सॅमसंगच्या प्रमुखांनी, युनियन होऊच न देण्याचं जुनं धोरण सोडतो, असं जाहीर केलं. तेव्हा कंपनी बुडेल, असं सांगणारे होते. ती बुडाली नाही.

चीनमध्ये हे सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे कायद्यानं एकच सरकारी कामगार महासंघ आहे. जुलै २०१८मध्ये शेन्झेनच्या जासिक या वेल्डिंग यंत्रांच्या कारखान्यातले कामगार त्याच महासंघाच्या नियमांत बसणारी युनियन मागत होते, तरी त्यांना अटक झाली. पाठिंबा द्यायला आलेले विद्यार्थीही उचलले गेले. तुम्ही तिथला कायदा बदलू शकणार नाही. पण तुमच्या पुरवठादारांच्या आवारात कामगारांनी गुप्त मतदानानं आपले प्रतिनिधी निवडावेत, ही अट तुमच्या करारात घालायला कुठल्या सरकारची परवानगी लागते? चीनमधल्या आपल्या कारखान्यांत युनियनच्या निवडणुका घ्यायची तयारी फॉक्सकॉन करत असल्याच्या बातम्या २०१३च्या सुरुवातीला आल्या होत्या. तुम्ही त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्या निवडणुकांचं पुढे काय झालं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?

माझ्या मागण्या अशा.

पुरवठादारांची यादी तुम्ही दर वर्षी छापताच. शेवटची जुळणी जिथे होते अशा प्रत्येक कारखान्यापुढे त्या यादीत चार आकडे छापा: आठवड्याचे सरासरी तास, हंगामातले सर्वाधिक तास, कंत्राटी कामगारांचं प्रमाण आणि मूळ पगार. सगळ्या कारखान्यांची मिळून सरासरी नको. झेंगझोऊचे झेंगझोऊपुढे, श्रीपेरुंबुदूरचे श्रीपेरुंबुदूरपुढे.

आचारसंहितेतली ६० तासांची मर्यादा काढून टाका. जिथला कायदा कमी सांगतो तिथे कायदा, जिथला कायदा जास्तीची मुभा देतो तिथे आठवड्याला ४८. हंगामासाठी वेगळी सूट नको, कारण हंगाम अचानक येत नाही. तो दर वर्षी तुम्हीच आणता.

भरतीच्या वेळी कबूल केलेली रक्कम त्या त्या महिन्याच्या पगारातच द्यायला लावा. मागे ठेवलेला बोनस म्हणजे दाराला लावलेली कडी. करार कामगाराच्या भाषेत असावा आणि त्याची प्रत फाटकातून आत जाण्याआधी त्याच्या हातात असावी.

ठेकेदाराला एका फोनमागे मिळणाऱ्या रकमेत मजुरीचा आकडा वेगळा दाखवा आणि त्यातून कपात करायला मनाई करा. भाव कमी करून घ्यायचा झाल्यास त्या आकड्याला हात लावू नका.

वापरात असलेल्या प्रत्येक रसायनाचं नाव बाटलीवर आणि लाइनवर कामगाराच्या भाषेत लिहा. नोकरी सोडल्यानंतरही दहा वर्षं वैद्यकीय तपासणीचा खर्च तुम्ही उचला, कामगार कंत्राटी असला तरी. कामाचे कागद नष्ट करू नका. कारखाना बंद पडला तर ते तुमच्या ताब्यात घ्या.

लग्न, गरोदरपण, धर्म, जात किंवा वंश यांवरून भरती नाकारली गेल्याचं सिद्ध झालं, तर ज्याला नाकारलं त्याला भरपाई मिळावी. परिवीक्षेत भरपाई नसते.

आणि या सगळ्यांवर पहारा ठेवणारी मागणी अशी. राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळल्यानंतर २०१३मध्ये बांगलादेशात कपड्यांच्या ब्रँडांनी आणि कामगार संघटनांनी मिळून कायद्यानं बांधील असा करार केला. ज्या कंपन्यांनी सही केली त्यांना तो मोडता येत नव्हता, मोडला तर लवादासमोर जावं लागत होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात आजवर आहेत त्या स्वेच्छेच्या आचारसंहिता. जिथे युनियन कायदेशीर आहे अशा देशांतून, म्हणजे भारतातून, सुरुवात करून तसा करार करा. कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी तपासणीत तुमच्या माणसांबरोबर बसतील, भाषांतर सुपरवायझर करणार नाही आणि तक्रार करणाऱ्याला काढलं तर ठेकेदाराचा करार धोक्यात येईल, एवढं तरी त्यात लिहिलेलं असावं.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला नवा कायदा लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, वेळही लागत नाही. आकडे तुमच्याकडे आहेत आणि ठेकेदारांचे करार तुमच्या सहीनं होतात. झेंगझोऊत नव्या हंगामाची भरती उन्हाळ्यात सुरू होते. त्याआधी या दोन गोष्टी करा आणि बाकीच्यांसाठी तारखा जाहीर करा. उत्तर मला खासगीत पाठवू नका. ते तुमच्या कारखान्यांच्या फाटकांवर लावा, मँडरिनमध्ये, तमिळमध्ये, कन्नडमध्ये. मी इथे ते मराठीत वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त लाइन ऑपरेटर
जोगेश्वरी (पूर्व), मुंबई